आंबलेली रिळं

माझ्या मामेसासऱ्यांइतका माणसाला दमवणारा माणूस सबंध नागपूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांनी मला कधी ओझं उचलायला लावलं नाही, कुठल्या कामाला धाडलं नाही, की स्टेशनवर कुणाला आणायला पाठवलं नाही. फक्त चालायला लावलं. फाटकातून आत या, बाहेर जा, पायरी चढा, मामींना नमस्कार करा, हसा. हे सगळं यथासांग पार पडलं की डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली न घेता ते म्हणायचे, "जावईबापू, पुन्हा एकदा. या वेळी जरा माणसासारखे या." मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा लोकांना वाटलं, हा कचेरीच्या कामानं थकला. खरं कारण मला ठाऊक होतं.

मामाजींचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आणि धरमपेठेत दोन मजली घर. घराणं मूळचं पारशिवनीचं. तिथली शेती त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ पाहत. साठ सालच्या आगेमागे, बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी घरगुती सिनेमाचा चावी भरायचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेतला. त्या दिवसापासून आमच्या कुळात जे काही घडलं ते भर उन्हात घडलं. कॅमेऱ्याला उजेड लागे आणि मामाजींच्या मते नागपूरचं ऊन देवानं त्यासाठीच निर्माण केलं होतं. भाऊबीज गच्चीवर दुपारी बाराला. निरांजनाची ज्योत त्या उन्हात दिसायचीच नाही, त्यामुळे पडद्यावर आमच्या बहिणी आम्हाला रिकाम्या ताटानं ओवाळताना दिसतात. माझ्या मुलीचं बारसं झालं तेव्हा पाळणासुद्धा गच्चीवर चढला. बारा दिवसांची पोर ऊन सोसवेना म्हणून किंचाळत होती आणि मामाजी समाधानानं म्हणत होते, "पाहा, कशी हसून राहिली!" त्या सिनेमाला आवाज नव्हता, हा त्यांचा मोठा आधार होता.

त्या कॅमेऱ्याचं एक वेडंवाकडं तंत्र होतं. रीळ दोन मिनिटं चाले, मग ते काढून उलटं लावलं की दुसऱ्या बाजूवर आणखी दोन मिनिटं. हे काम अंधारात करावं लागे. माझं लग्न मे महिन्यात होतं आणि मांडवात अंधार कुठून येणार? मामाजी जाड गोधडी पांघरून कोपऱ्यात बसले आणि आतल्या आत खुडबुड करू लागले. माझ्या आत्यानं ती हलणारी गोधडी पाहिली. वधूपक्षातल्या कुणाला तरी लू लागून आचके येत आहेत असं समजून तिनं वरून बादलीभर पाणी ओतलं. त्या गडबडीत रीळ उलटं व्हायचं राहिलं आणि पुन्हा त्याच बाजूनं बसलं. त्या बाजूवर आदल्या आठवड्यात पारशिवनीच्या शेतातली वखरणी घेतलेली होती. महिन्याभरानं रीळ मुंबईहून धुऊन आलं तेव्हा माझ्या लग्नाच्या पंगतीतून एक बैलजोडी वखर ओढत जात होती, आणि माझे वडील बैलाच्या पोटातून हात काढून शांतपणे बुंदी वाढून घेत होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी मात्र म्हणाले, "रडते काहून वं? अशी पंगत कोणाच्या लग्नात उठली, सांग बरं!"

मग हे सगळं पाहायचंही असे. दर रविवारी दुपारी, कारण संध्याकाळी धरमपेठेतला विजेचा दाब असा पडायचा की प्रोजेक्टरचा दिवा चिमणीसारखा मिणमिणे. दुकानातला मांजरपाट भिंतीवर ताणलेला, खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या, आत वीसेक नातेवाईक, ते तापलेलं यंत्र आणि मामींच्या हातची कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी. त्या वडीच्या आशेनं मी किती रविवार उकडून घेतले, त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. चित्र मुकं, पण मामाजी मुके नव्हते. पडद्यावर कोण काय बोलतंय ते सगळं ते स्वतःच बोलत. माझी वाक्यंही मी कधी म्हणालो नसेन इतकी छान असत. मी पेंगू लागलो की अंधारातून आवाज येई, "झोपा जावईबापू, झोपा. तिकडं पडद्यावर तुम्ही जागेच आहा."

पण या छंदानं मामाजींचं एक मोठं नुकसान केलं. धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न पारशिवनीला होतं. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, आणि त्यानंतरचं घरातलं हे पहिलंच कार्य. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि मुलगी हार उचलणार तोच मामाजी ओरडले, "थांबा गा! रीळ संपलं. अंतरपाट पुन्हा धरा. एक मंगलाष्टक म्हणा फक्त, दोन मिनटं."

भटजींचा हात हवेतच राहिला. मुलाकडच्या म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली की हा अपशकुन आहे. धाकटा भाऊ पुढे आला. आयुष्यात त्यानं मोठ्या भावासमोर मान वर केली नव्हती. तो म्हणाला, "दादा, लगन एकदाच लागते."

"एकदाच लागते म्हणून तर म्हणतो!" मामाजी हसत म्हणाले. ते खरोखरच हसत होते. काय बिघडलं हे त्यांना कळलंच नव्हतं.

भावानं त्यांचा दंड धरला आणि सगळ्या मांडवादेखत त्यांना बाहेर रस्त्यापर्यंत आणून सोडलं. "पोरीच्या सासरच्याइपुढं माझी मान खाली घातली तुम्ही. जा आता, तुमचं खेळणं घेऊन जा." मामाजी न जेवता एसटीनं नागपूरला परतले. मामी आणि मी मागाहून आलो. त्यानंतर अकरा वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. त्या अकरा वर्षांत धाकट्याकडे दोन नातू झाले, मामाजींच्या घरी दोन लग्नं झाली; पत्रिका गेल्या, आल्या, माणसं कुणीच गेली-आली नाहीत.

मामाजींनी मग सगळा जीव रिळांत घातला. साठ-सत्तर रिळं, प्रत्येक आपापल्या पत्र्याच्या डबीत, डबीच्या कडेला मेणबत्तीचं मेण ओतून हवाबंद केलेलं, आणि सगळ्या डब्या एका मोठ्या ट्रंकेत. धूळ जाऊ नये, कसर लागू नये म्हणून ही तजवीज. घरात पहिला वाळ्याचा कूलर आला तेव्हा माणसांना वाटलं आपले दिवस पालटले. कूलर लागला तो ट्रंकेसमोर. पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी घरातली माणसं ओले पंचे अंगावर घेऊन फरशीवर लोळत आणि ट्रंक गार वाऱ्यात बसून असे. मामी म्हणायच्या, "अवो, मलेही एखाद्या डबीत बंद करून ठेवा, म्हणजे हवा तरी लागन."

एका वर्षी फाल्गुनात घरात आंबूस वास येऊ लागला. मामींनी लोणच्याच्या दोन बरण्या फेकल्या, मोरी घासून काढली, मोलकरणीवर आळ घेतला. वास जाईना. शेवटी एका दुपारी त्यांनी ट्रंक उघडली आणि पदर नाकाला लावून मागे सरल्या. प्रत्येक डबीतून सिरक्यासारखा वास येत होता. आतल्या फिती आकसल्या होत्या, काही पापडासारख्या वळल्या होत्या, काही एकमेकींना चिकटल्या होत्या.

मामाजी दोन डब्या घेऊन सीताबर्डीवरच्या एका जुन्या फोटोवाल्याकडे गेले. मी सोबत होतो. त्यानं फीत बोटांत धरून वाकवली, हुंगली, आणि म्हणाला, "शेठजी, ही जात अशीच असते. उष्णतेनं हिच्यातून आंबट वाफ निघते. ती बाहेर गेली तर बरं. कोंडली तर फितीलाच खाते. तुम्ही इतक्या घट्ट बंद करायला नको होत्या. आणि कूलरची ओल तर विषच." मामाजींनी डब्यांची झाकणं लावली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "म्हणजे, लक्ष नसतं दिलं तर टिकल्या असत्या." मी थकलेल्या माणसाचं सांत्वन करण्यात कधीच हुशार नव्हतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नाही. दर रविवारी काही ना काही निमित्त निघे: दिवा गेला, पट्टा तुटला, आज डोकं दुखून राहिलं. मी मनातल्या मनात सुटलो म्हटलं, हे कबूल केलं पाहिजे. पहिले दोन रविवार मी मस्त झोपलो. तिसऱ्या रविवारी झोप लागेना.

आणि मग एका रविवारी, मी आणि बायको तिथंच असताना, धाकटे मामा आले. फाटकाशी धोतर-टोपीतला एक वाकलेला माणूस उभा, हातात शेतातल्या कैऱ्यांची पिशवी. मामी धावत गेल्या. मामाजी आरामखुर्चीतून उठले, पण पुढे झाले नाहीत. धाकटे मामा उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "दादा, एक काम होतं. माझा लहाना नातू चालायले लागला, तं गावातले म्हातारे म्हणतात, हा तुमच्या बाबासारखा चालते. मी लय आठवून पाहिलं. मले बाबाचा चेहरा दिसते, आवाज येते, पण ते चालत कसे, हेच आठवून नाही राहिलं. फोटो तं ते काढूच देत नव्हते. तुमच्या सिनेमात आहेत म्हणून आलो. एकदा दाखवा, निघून जातो."

वडिलांचं ते रीळ मला पाठ होतं. खळ्यापासून विहिरीपर्यंत म्हातारा एकटा चालत येतो, कॅमेरा दिसला की चिडून वळतो, संपलं.

मामाजींनी ट्रंक उघडली. खोलीभर वास पसरला. फीत प्रोजेक्टरवर चढवली, पण भोकं आणि दाते जुळेनात. दोन बोटं सरकली आणि कटकन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी यंत्र बंद केलं. मामाजी भिंतीकडे पाहत म्हणाले, "मीच खराब केली गा. जपता जपता खराब केली. आधी तुझ्या पोरीचं लगन खराब केलं, आता बाबाले."

धाकटे मामा हळूच त्यांच्याजवळ येऊन बसले. "आणा इकडं तो तुकडा," ते म्हणाले.

दोघांनी खिडकीची सतरंजी काढली आणि तो तुकडा उजेडात धरला. मामाजींकडे कापडाचं सूत मोजायचं भिंग होतं. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. एकात म्हाताऱ्याचा पाय जमिनीवर, दुसऱ्यात टाच जराशी उचललेली, तिसऱ्यात आणखी जराशी. "हे पाहा, बाबा!" धाकटे मामा लहान मुलासारखे ओरडले. पण तासभर पाहूनही चाल काही दिसेना. चित्रं होती, चालणं नव्हतं.

"डावा खांदा पाडून चालत," मामाजी म्हणाले.

"नाही दादा, खांदा नाही. गुडघा बाहेर टाकत."

"तुले काय आठवते? तू शेतात मागं राहे!"

"मागं राहो म्हणूनच तं पाठ पाहिली ना मी!"

धाकटे मामा चिडून उठले आणि बैठकीतून दाराकडे चालून दाखवू लागले. मामाजींनी कपाळावर हात मारला, "तसं नाही बाप्पा!" आणि स्वतः उठून दारातून खिडकीकडे चालू लागले. पासष्ट आणि साठ वर्षांचे दोन म्हातारे, एक जाई तेव्हा दुसरा येई, एकमेकांना चुकीचं ठरवत. मी कोपऱ्यात बसून पाहत होतो. बायको माझ्या शेजारी होती. हसावं की काय करावं ते तिला कळत नव्हतं.

चहा घेऊन मामी दारात आल्या होत्या. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "कायले भांडता जी? मामंजी असेच चालत. दोघंही तसेच तं चालता तुम्ही."

दोघं जागच्या जागी थांबले. मग एकमेकांच्या पायांकडे पाहू लागले.

धाकटे मामा आठ दिवस राहिले. जाताना त्यांनी मामाजींना सोबत नेलं. नातवाला पाहायला म्हणून गेलेले मामाजी महिन्याभरानं परत आले, रापलेले आणि बारीक झालेले. कॅमेरा त्यांनी परत कधी हातात घेतला नाही. कुणी विषय काढला तर म्हणत, "आता कोण चावी भरते?"

त्यानंतर कधीकधी ते संध्याकाळी आमच्याकडे येत, सहज. एकदा मी कचेरीतून आलो तर अंगणात माझी मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती आणि मामाजी ओट्यावर बसले होते. ऊन उतरलं होतं, सोनेरी, अगदी त्यांना आवडायचं तसं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच वाटलं की यांनी काहीतरी मागावं. मी म्हणालो, "मामाजी, आज कॅमेरा आणायला हवा होता."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"काहून?" ते म्हणाले. "दिसून राहिली ना."