दत्ताच्या रेंगीतले सामान

आरमोरीच्या गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून लागलो, तेव्हा पाठशाळेतून बाहेर पडून मला फार काळ झाला नव्हता. व्याकरण आणि न्याय शिकलेला मुलगा बैलांना औषधे पाजतो, याचे नातलगांना वाईट वाटे. मला वाटत नसे. मुक्या जिवाची सेवा ही पूजेचीच एक रीत आहे, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती आणि आजही आहे.

त्या वर्षी पावसाळा सरत असताना, बाजाराच्या दिवशी एक पिसाळलेले कुत्रे माणसांना चावले. त्यांतला एक म्हातारा पाण्याला भिऊन तडफडत गेला. मग चांद्याहून हुकूम आला, की गावोगावची बेवारशी आणि खरजेने भरलेली कुत्री विष घालून मारावीत. खरजेचा आणि पिसाळण्याचा काही संबंध नाही, हे आमच्या डॉक्टरांनी वर कळवून पाहिले. सूट मिळाली ती एवढीच: दवाखान्याने ज्याला धुऊन, केस कापून, औषध लावून गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधला असेल, त्या कुत्र्याला शिपाई विष घालणार नाहीत.

जंगलाच्या कडेला धान लावणाऱ्यांचे कुत्रे हेच शेताचे कुंपण. ते गेले की रानडुकरे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरलीच. तेव्हा विषवाल्यांच्या आधी त्या गावांत पोचणे भाग होते आणि दवाखान्याजवळ वाहन नव्हते. चिखलातून निघेल अशी, वर टप असलेली हलकी बैलगाडी एकच होती, दत्तमंदिराची रेंगी. मंदिराची व्यवस्था माझे मामा पाहत असत.

मामांनी डॉक्टरांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. "कुत्री देवाच्या पायाशी बसतात, तेव्हा रेंगीत बसायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण तिच्यात उत्सवमूर्ती बसते. चामडे तिच्यात चढणार नाही."

"कुत्रं तरी कशात गुंडाळलेलं असतं, महाराज?"

"ते जिवंत आहे, डॉक्टर. तुमचे मेलेले."

डॉक्टर हसले आणि कबूल झाले. नागपूरकडचा तो गृहस्थ देवभोळा नव्हता. पण दुसऱ्याच्या देवाला धक्का लावू नये, एवढी सभ्यता त्याच्यात होती.

मग दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही सामान निवडायला बसलो. कुत्री धुवायचा जस्ताचा टब रेंगीच्या साटीत, म्हणजे बसायच्या जागेत, मावेना, म्हणून तांब्याचे घंगाळ घेतले. साबणाची वडी मामांनी हुंगली आणि विचारले, "यात चरबी असते का?" डॉक्टर म्हणाले, "असावी." ती वडी परत फडताळात गेली आणि तिच्या जागी रिठ्यांची पिशवी आली. गुंतलेल्या केसांसाठी मेंढ्यांची लोकर कापायची कातर, लाकडी फण्या, गोचीड काढायचे चिमटे, करंजाचे तेल, गंधक. एकेका वस्तूला काही ना काही पर्याय सापडत गेला आणि आम्हांला त्याचा आनंदच वाटत होता. शेवटी राहिली कुत्र्याच्या तोंडाला बांधायची मुसकी आणि साखळीचा पट्टा. दोन्ही चामड्याची होती.

"हे नसेल तर मी कुत्र्याच्या जबड्याजवळ हात नेणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मामांनी वाती वळणाऱ्या बायकांकडून जाड सुताची मुसकी विणून घेतली. डॉक्टरांनी ती हाताने, मग पायाखाली धरून ताणली. ती तुटली नाही. पट्ट्याविना साखळी बांधली तर खरजेने सोललेली मान कापेल, म्हणून साखळीही राहिली आणि सुताचे दोर घेतले. पायांतल्या वहाणा ओसरीवर काढून डॉक्टर अनवाणी रेंगीत चढले.

पहिली गावे बरी गेली. वैनगंगेपलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात एक बाई आमची वाट पाहत उभी होती. नवरा गेलेला, लेक घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत. ती, धानाची एक बांधी आणि खरजेने अर्धा उघडा पडलेला एक कुत्रा, एवढाच तिचा संसार होता.

"डाक्टर भाऊ, बिल्ला आधी बांधा. धुनं मंग करा."

"आधी धुणं, बाई. तसा नियम आहे."

"अन् तंवर तो विषवाला आला त?"

"तो अजून मागच्या गावात आहे."

"याले माहाच हात ठाऊक आहे. गुरगुरला त रागावू नोका."

तिने त्याला धरले, मी पाणी ओतले, डॉक्टर रिठ्याचा फेस चोळू लागले. "एवढं त माह्या लेकाले लगनात नाई न्हाऊ घातलं," ती म्हणाली आणि गाडीवान मोठ्याने हसला. तेवढ्यात फेसाने बुळबुळीत झालेली सुताची मुसकी कुत्र्याच्या नाकावरून सरकली. कातरीचे टोक खरजेच्या जखमेला लागले असावे. त्याने डॉक्टरांचा हात मनगटाशी धरला आणि हाडापर्यंत दात रोवले.

डॉक्टरांनी जखम बराच वेळ धुतली. मग ते बाईशी बोलले, तेही न रागावता. "चावलेल्या कुत्र्याला बिल्ला देता येत नाही. दहाएक दिवस त्याला बांधून ठेव. तो नीट खात-पीत राहिला, तर पिसाळलेला नाही असं ठरेल. मी स्वतः येऊन बिल्ला बांधीन. मलाही पोटात सुया घ्याव्या लागणार नाहीत. पण तो सुटता कामा नये."

"सुटनार नाई."

"साखळी आहे घरात?"

"माह्याकडे कुठची साखळी, भाऊ?"

आमच्याकडेही नव्हती. रेंगीतला सुताचा दुहेरी दोर आम्ही तिला दिला.

मी एक दिवसाआड पायी जाऊन कुत्र्याला पाहून येत असे. तो भात खाई, पाणी पिई, तिच्या हाताला चाटे. पिसाळल्याचे कोणतेही लक्षण नव्हते. धानाच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्या होत्या. कुत्रा घरात बांधलेला असल्यामुळे डुकरे हाकायला तिला स्वतः बांधीवर जावे लागे. असेच एकदा मी गेलो, तर खुंटाला कुरतडलेला दोर होता आणि बाई बांधावर बसली होती. विषवाले आदल्या संध्याकाळी गावातून गेले होते. मांसाचा तुकडा त्याने नाल्याजवळ खाल्ला होता. सकाळीच तिने त्याला बांधाच्या पोटात पुरले होते.

मुदत पुरी झाली नव्हती. तो पिसाळलेला होता की नव्हता, हे आता फक्त त्याचा मेंदू तपासूनच कळणार होते.

"बाई, डॉक्टरांना त्याचं डोकं लागेल."

तिने माझ्याकडे पाहिले. "मुंडी?"

"नागपूरला तपासतात."

"त्याईच्या जिवासाठी?"

"हो."

ती उठली आणि फावड्याने माती ओढू लागली. कुऱ्हाड तिने घरातून आणली. "तुमी तिकडं तोंड करा, कंपौंडर भाऊ," ती म्हणाली, "तुमाले पाह्यवनार नाई." मी जंगलाकडे तोंड करून उभा राहिलो. तिथे नामस्मरण करू लागलो, पण नाम ओठांपाशीच थांबत होते. तिने ते पानांत बांधून माझ्या डब्यात ठेवले आणि हात धुवायला नाल्यावर गेली.

डॉक्टर डबा घेऊन नागभीडहून आगगाडीने नागपूरला गेले. मी मामांना सारे सांगितले. ते उठून गाभाऱ्यातली समई नीट करून आले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला रेंगी नेऊ नका. दुसरी गाडी बघा." चामडे चढू द्या, असे ते म्हणू शकले नाहीत आणि त्यांनी तसे म्हणावे अशी माझीही अपेक्षा नव्हती. ज्या निष्ठेने त्यांनी आयुष्यभर देव सांभाळला, तीच ती निष्ठा. तिचे एवढेच टोक कापून टाकावे, हे त्यांना जमणारे नव्हते. दुसरी गाडी मिळाली नाही. पुढच्या गावांत विषवालेच गेले.

डॉक्टर परतले ते पोटात सुया घेऊनच. तिकडच्यांनी निकालाची वाट पाहू दिली नव्हती. निकाल नंतर कळला. कुत्रा निरोगी होता.

हे बाईला सांगायला मी गेलो. ती बांधीत वाकून धान कापत होती. लोंब्या अजून हिरव्या होत्या. कापणीला अवकाश होता. बांधाच्या एका अंगाला डुकरांनी तुडवून चिखल केला होता.

"बाई, तो पिसाळलेला नव्हता."

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली आणि कापतच राहिली.

"एवढ्यात का कापता?"

"राखाले कोन आहे?"

तिने कापून टाकलेली एक लोंबी मी उचलली. दाणा बोटांत चिरडला, तर त्यातून अजून दूध निघत होते.