बिबट्या, बापूमामा आणि आमची जिप्सी

बिबट्या दिसला की एकच किस्सा होतो. नाही दिसला की किती होतात, ते आम्हाला विचारा! परभणीहून निघून विदर्भातल्या जंगलांत आम्ही इतक्या वेळा रिकाम्या डोळ्यांनी फिरून आलोय, की आता कुणाकडे जेवायला गेलं तरी लोक भाजी वाढायच्या आधी विचारतात, "काय मग, या खेपेला काय घोळ घातला?"

आम्ही म्हणजे चौघं. माझे सेलूचे बापूमामा, कापसाचे व्यापारी. त्यांची कुजबुज पुढच्या गावात ऐकू जाते. मला शाळेत भूगोल शिकवलेले आणि आता शेजारी राहणारे कुलकर्णी सर. त्यांच्या विमलकाकू. आणि मी, रेणू. वाघ आम्हाला ढिगानं दिसले. मला मात्र लहानपणापासून बिबट्याच हवाय! त्यात या जूनपासून माझी बंगळूरची नोकरी सुरू होणार. तिथं सुट्टी कधी मिळेल, कोण जाणे. म्हणजे या उन्हाळ्यात दिसला तर दिसला.

आणि सोबत कोण? तर ही तीन ज्येष्ठ मंडळी!

*

सरांचं आवडतं वाक्य, "बिबट्या बघायचा तर संयम हवा." वाक्य छान आहे. पण सर ते वाक्यावर सोडत नाहीत, त्याचा तास घेतात.

एकदा नाल्याच्या काठावर गाडी थांबवली होती. सर संयमावर बोलत होते. तेवढ्यात समोरच्या झाडावरून वानर खकारलं. मग दुसरं. वानर असं ओरडलं म्हणजे खाली कुणीतरी आलंय! गाइड ताठ झाला.

"सर, कॉल!" मी म्हटलं.

सरांनी हात वर केला. "रेणू, मध्ये बोलू नकोस. मुद्दा संपू दे."

मुद्दा संपला. वानरंही गप्प झाली. मग सर प्रसन्नपणे म्हणाले, "हं, आता बोल. काय म्हणत होतीस?"

*

काकूंना प्राण्यांचं काही नाही. सर जातात म्हणून त्या येतात आणि त्यांच्यासोबत धपाटे येतात. जंगलात खायला बंदी. गाइडनं आत शिरतानाच हात जोडून सांगितलं होतं. तरी अर्ध्या वाटेत लसणाच्या ठेच्याचा असा काही वास सुटला, की पुढं बसलेला ड्रायव्हर खोकायला लागला.

गाइड वळून म्हणाला, "मॅडम, डबा बंद करा. इथं खाता येत नाही."

"खातंय कोण?" काकू म्हणाल्या. "नुसतं झाकण उघडून बघायलेय, सांडलं का म्हणून."

गाइड बिचारा पुढं वळला. थोड्या वेळानं त्याचाच आवाज आला, "बाहेर पडल्यावर एक मला ठेवा."

*

मामांचं दुखणं वेगळं. त्यांना कुणी अनोळखी माणूस सहन होत नाही. ओळख काढलीच पाहिजे!

जंगलात दोन जिप्सी समोरासमोर आल्या की गाइड हळू आवाजात विचारतात, काय दिसलं, कुठं दिसलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या दिवशी समोरच्या गाडीत धोतर-टोपीतले एक आजोबा होते. मामा उभेच राहिले.

"कुठले पाव्हणे?"

"चुडाव्याचे."

"अरे! चुडाव्यात आमच्या मावसबहिणीला दिलंय की!"

झालं! ते आजोबा त्या मावसबहिणीचे चुलतसासरे निघाले. मग कुणाच्या पोराचं कुठं जमलं, कुणाचा गुडघा बदलला, सगळं झालं. शेवटी दोघांनी गाडीतून गाडीत हात लांब करून रामराम केला.

मागून आलेल्या तिसऱ्या गाडीतली पोरं नुसती नाचत होती. त्यांनी कॅमेऱ्यावर फोटो दाखवला. आम्ही सगळे गप्पांत असताना आमच्या गाडीच्या मागून बिबट्या आरामात रस्ता ओलांडून गेला होता. फोटोत मामांची पाठसुद्धा आली होती!

मी चिडून तोंड उघडलं. पण माझ्याआधी ड्रायव्हरच बोलला, "साहेब, तुमी जंगलात माणसं शोधायला येता का?"

*

हा किस्सा सेलूचा, पण सुरू झाला जंगलाबाहेरच्या रेस्ट हाउसवर. दुपारी मामांचा फोन वाजला. शेतावरचा दत्तू होता.

"मालक, आपल्या उसात बिबट्या हाय! समदं गाव जमलंय!"

मामा खुर्चीतून उडालेच. "हुसकू नका रे त्याला! आमी उद्या दुपारपोतर येतोच म्हणावं!"

संध्याकाळची सफारी सोडून आम्ही मामांची बोलेरो रात्रभर हाणली. सकाळी सेलूत पोचलो, तर उसाच्या कडेला फक्त चपला राहिलेल्या. पळताना लोकांनी सोडलेल्या! पोराटोरांनी बघितला. दूधवाल्यानं बघितला. आणि जी आयुष्यात एकदाही सफारीला आली नाही, त्या माझ्या मामीनं शेतघराच्या गच्चीवर मिरच्या वाळवता वाळवता बघितला.

मामांचा चेहरा बघून मामीला दया आली. "लय देखणा होता हो," ती म्हणाली. "बांधावर बसून रस्त्याकडंच बघायला होता. तुमची वाट बघून कंटाळला आन् गेला."

*

आता शेवटची सफारी. मे संपत आलेला, पावसाळ्यासाठी जंगल बंद व्हायला आलेलं आणि माझं तिकीट निघालेलं.

सकाळी जिप्सीत चढताना मामा सरांना म्हणाले, "आज पोरीचं ऐकायचं. मंग ती कुठं अन् आपण कुठं."

मी संधी सोडते होय? लगेच हुकूम काढला. आमच्यात कुणी एक जण 'ते बघा' म्हणाला, की चौघं एका अंगाला उठतात, गाडी करकरते आणि जनावर पळतं. म्हणून प्रत्येकाला एकेक दिशा दिली. मामा समोर, काकू डावीकडे, सर मागं, मी उजवीकडे. "बोलायचं नाही. आणि काही झालं तरी मान वळवायची नाही. मी सांगेन तेव्हाच!"

"अन् माशी बसली तर?" मामांनी विचारलं.

"बसू द्या!"

कोरड्या नाल्याशी, मोठ्या खडकांपाशी गाडी लावली. इंजिन बंद. ऊन चढलं. एक जिप्सी आली, कंटाळून गेली. दुसरी आली, तिच्यात कुणीतरी ओळखीचं हसलं. मामा हूं की चूं नाही! सरांना खोकला आला, तो त्यांनी रुमालात दाबला. काकूंचा डबा मांडीवर बंदच. मला वाटलं, ही माझी माणसं नव्हेतच.

आणि मग खडक हलला.

म्हणजे खडकाची सावली उठली आणि तिला ठिपके होते! तो खडकावर आला, पुढचे पाय ताणले, निवांत बसला आणि सरळ माझ्याकडं बघायला लागला. पिवळे डोळे. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. गाइडनं हळूच माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. गरजच नव्हती. माझा आवाज गेला होता. सांगायचं होतं, वळा, बघा, आलाय! ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. डोळ्यांतून पाणी मात्र धो धो. आणि माझ्याभोवती तीन पाठमोरी डोकी, दिलेल्या दिशेला इमानदारीनं ताठ.

पुढच्या सीटवरच्या मामांचा खांदा मी कधी धरला, मलाच माहीत नाही.

मामांनी मान तसूभर हलवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरी कुजबुज केली.

"पोरी, नखं रुतायलीत. आलाय जणू. वळू का आता?"