बारा तालुक्यांची माती

राज्याला साठ वर्षं झाली तेव्हाच आमच्या तालमीसमोर स्मारकाचा स्तंभ उभा राहायचा होता. पण कोरोना आला आणि सगळं बारगळलं. दोन-अडीच वर्षांनी कमिटीला पुन्हा जाग आली. कमिटीचा चिटणीस मी. का, तर माझं अक्षर चांगलं. आमच्या गल्लीत अक्षर चांगलं असणं म्हणजे जन्माची वेठबिगारी!

अध्यक्षांनी टूम काढली, की जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांतून माती आणायची आणि स्तंभाच्या पायात घालायची. ज्याचे पाहुणे जिकडं, त्यानं तिकडची आणायची. कुणी गगनबावड्याहून आणली, कुणी शिरोळहून. चंदगडची माझ्या गळ्यात आली, कारण माझी आत्या त्या बाजूला दिलेली. तिचं गाव मात्र चंदगडच्या पुढं, शिवेपलीकडं, कर्नाटकात. लग्न होऊन गेली तेव्हा सासरा सांगायचा, वर्ष-दोन वर्षांत आपलं गाव पण महाराष्ट्रात जातंय बघ. सासरा गेला, नवरा गेला, आत्या ऐंशीच्या पुढं गेली. गाव होतं तिथंच राहिलं.

तिनं एसटीनं दोन पिशव्या पाठवल्या. एक चंदगडची, दुसरी स्वतःच्या दारातली. फोनवर म्हणाली, "माझी तेवढी घाल रे बाबा. मी गेल्यावर कोण इचारणार हाय?"

अध्यक्षांनी साफ नाही म्हटलं. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला. बारा म्हणजे बारा. उद्या कोण गोव्याची आणंल, परवा कोण आणि कुठली. मी मान डोलावली. आत्याला मात्र फोनवर सांगितलं, घालतो. खोटं बोललो, सरळ खोटं. लाज वाटत होती, पण अध्यक्षांशी भांडायची छाती नव्हती आणि तिची पिशवी टाकून द्यायची त्याहून नव्हती. ती मी बाकीच्या बारांबरोबर तालमीच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

आता तालमीत माती ठेवणं म्हणजे मांजरापुढं दूध ठेवणं. आमच्याकडं कुस्तीच्या हौदासाठी लोक मायेनं माती पाठवतात आणि कुणी कुणाला विचारत नाही. वस्तादांनी तेरा पिशव्या पाहिल्या, खूश झाले. माती चाळली, ताक, तेल, लिंबू, हळद घातली आणि सगळी हौदात मिसळून टाकली. आम्हाला कळलं तेव्हा पैलवान तिच्यावर तीन दिवस लोळले होते.

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. वस्ताद शांत. "तालमीत माती आणून ठेवल्यावर तिचं काय करायचं, लोणचं?" शेवटी ठरलं, की हौदातलीच घमेलं भरून घ्यायची. दुसरा इलाजच नव्हता. तेराव्या पिशवीबद्दल मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

एक मेला सकाळच्या एसटीनं आत्या न कळवता हजर. नवं लुगडं, हातात काठी. सगळ्यांदेखत विचारलं, "माझी माती कंची रं?"

 तिच्या चेहऱ्याकडं बघून पुन्हा खोटं बोलवेना. सांगून टाकलं सगळं. अध्यक्षांनी तुझी माती नको म्हटलं होतं, मी तुला फसवलं, आणि आता ती या घमेल्यात बाकीच्यांबरोबर आहे, वेगळी काढता येत नाही. अध्यक्ष शेजारीच उभे होते. मला वाटलं, आता बसणार कानाखाली.

 त्यांनी एकदा घमेल्याकडं बघितलं. मग वाकून ते उचललं आणि आत्यापुढं धरलं. "आत्या, पयली मूठ तुम्ही घाला."

आत्यानं काठी माझ्याकडं दिली. मूठ भरली, पायाच्या खड्ड्यात सोडली, हात जोडले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. लोक टाळ्या वाजवत होते, तोवर तिनं घमेल्यात पुन्हा हात घातला, आणखी एक मूठ घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. 

"दारात टाकतो ही," आत्या अध्यक्षांना म्हणाली. "आमचं गाव काय हिकडं आलं न्हाई. मग हिकडचं थोडं तिकडं नेतो की."