शून्य रुपयाचं बिल

माझ्या साडूंइतका चिडका माणूस अख्ख्या वडीगोद्रीत दुसरा नाही, आणि वाईट म्हणजे त्यांच्या चिडण्याला बहुतेक वेळा कारण असतं. हायवेला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली जळालेली मोटार वर काढायची, तांब्याची तार नव्यानं भरायची आणि पुन्हा विहिरीत उतरून बसवून द्यायची, हा त्यांचा धंदा. लोडशेडिंग, आटे गेलेले नटबोल्ट, फोन करून 'हॅलो'च्या पुढे गप्प बसणारी माणसं, या सगळ्यांवर त्यांचा राग. चहात साखर कमी पडली तर ते साखर मागत नाहीत, साखर कारखान्यांच्या कारभारावर बोलतात. अशा माणसाला बिलाचं सॉफ्टवेअर निवडून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी अंबडला मास्तर आहे आणि आमच्या शाळेत कॉम्प्युटर आहे.

निमित्त झालं जिनिंगचं. गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर त्यांना म्हणाला होता, सगळ्या मोटारींचं काम तुम्हालाच देतो, फक्त कॉम्प्युटरचं बिल पाहिजे, तेही सीझन सुरू व्हायच्या आत. साडूंचा गुडघा कामातून गेलेला. मागच्या उन्हाळ्यात त्यांना विहिरीतून दोर लावून वर ओढावं लागलं होतं. जिनिंगचं काम सपाट जमिनीवरचं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तेवढं बसवून द्या. विहिरीत उतरणं तरी बंद व्हईल यांचं."

पहिल्या सॉफ्टवेअरनं धंद्याचा प्रकार विचारला. यादीत ब्यूटी पार्लर होतं, बेकरी होती, योगाचे क्लास होते. वाइंडिंग नव्हतं. मी 'इतर' दाबलं. साडूंनी चष्मा काढला. "पंचक्रोशीचं पाणी मी वर आणून राह्यलो, आन् मी इतर?" ते सॉफ्टवेअर तिथंच गेलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीतून एका तरुणाचा गोड आवाजात फोन आला. साडूंनी जयभीम घातला, त्यानं टर्नओव्हर विचारला. साडूंनी विचारलं, तुमच्या घरी पाणी कुठून येतं? तो म्हणाला, टाकीतून. "आन् टाकीत?" यावर 'वरिष्ठांना जोडून देतो' म्हणून त्यानं जो फोन ठेवला तो ठेवलाच.

तिसऱ्यानं तर घरात भांडण लावलं. सरावासाठी म्हणून साडूंनी आमच्या सासऱ्यांच्या मोटारीचं जुनं काम त्यात भरलं, फोन नंबरासकट. सासऱ्यांकडून पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण सॉफ्टवेअरला ते कोण सांगणार? त्यानं आपल्या मनानं सासऱ्यांना निरोप धाडला की आपली रक्कम थकीत आहे, त्वरित भरावी. सासरे कुंभार पिंपळगावहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आले, टेबलावर नोटा ठेवल्या, पाण्यालासुद्धा हात लावला नाही, आणि थोरला जावई समोर बसलेला असताना मला म्हणाले, "तुम्ही शिकेल मानूस. तुम्हीच लिवलं असंल हे." साडूंनी त्यावर मान डोलावली. त्याचा राग मला अजून आहे.

चौथं जमलं. जिनिंगच्या नावाचं नमुन्याचं बिल सुरेख छापून निघालं. अक्कांनी ते हातात घेऊन दोनदा पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. तेवढ्यात साडू म्हणाले, आता शून्याचं काढा. त्यांचे उस्ताद अंबडचे एक मुसलमान मिस्त्री होते. त्यांची शिकवण अशी, की नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली मोटार बसवायची मजुरी घ्यायची नाही, त्या घरी जेवायचं आणि उठायचं. पण बिल मात्र द्यायचं, शून्य रुपयाचं, कारण गॅरंटी बिलावर असते. मी शून्य टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, रक्कम शून्यापेक्षा जास्त असावी.

"एक रुपया टाकू," मी म्हणालो.

"एक घेतला म्हंजे मजुरी घेतली."

"मग नव्या विहिरींना हातानं लिहून द्या, बाकीच्यांना हे द्या."

"माझ्या दुकानात दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक न्हाईत, सर. जे बिल जिनिंगला, तेच नव्या विहिरीला. बिलकुल तेच."

मी गुडघ्याचं बोललो, अक्कांचं बोललो, शेवटी आवाजही चढवला. काही उपयोग झाला नाही. सीझन सुरू झाला आणि जिनिंगचं काम दुसऱ्या मिस्त्रीला गेलं. अक्का आम्हा दोघांशीही कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. मला चीड येते ती निराळ्याच गोष्टीची. पै-पैचा हिशेब सांभाळणारी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या या हुशार मंडळींना, एखादा माणूस फुकट काम करील आणि वर त्याची जबाबदारीही घेईल, हे सुचलंच कसं नाही?

परवा जवळच एका नव्या विहिरीला पाणी लागलं. साडू उतरले, मी वर थांबलो. मोटार सुरू झाली, पाणी आलं, त्या घरच्या बाईंनी भाकरी वाढली, साडूंनी बिलबुकातून शून्याचं बिल फाडून दिलं. निघताना मोटारसायकलवर पाय टाकायला त्यांना जमेना. माझ्या खांद्याला धरून ते अगदी हळू म्हणाले, "सर, पुढच्या साली न्हाई जमणार मला उतरायला."

चिडले असते तर बरं वाटलं असतं. कोणावर तरी, निदान माझ्यावर तरी.