सुट्टीच्या दिवसाचं पाणी

आमच्या नगरपालिकेत पर्यावरण विभाग आहे असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. एक जीप, तिचा ड्रायव्हर म्हणजे मी, एक मॅडम आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने घेणारे मामा, एवढाच आमचा विभाग. मामा नक्की कोणाचे मामा ते विचारू नका. ऑफिसात, कारखान्यांच्या गेटवर, प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नमुने गोळा करणारा नमुना, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो आणि ते खुशाल हसायचे.

मामांची नोकरी सुरू झाली ती प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून. नमुना घ्यायच्या आधी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, आधीचा अंश राहता कामा नये, हा या कामातला पहिला धडा. तो मामांच्या अंगात इतका मुरला होता की टपरीवर चहा आला तरी घोटभर ग्लासात फिरवून ओतून द्यायचे आणि मग प्यायचे. या माणसाला दूध दिलं तर निम्मं मोरीत जातं, असं मामी करवादायच्या.

कारखान्याला परवाना देताना अटी घालतात, पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडायचं म्हणून. त्या अटी पाळल्या जातात का, ते बघायचं काम आमचं. पण बघायची रीत अशी की आधी गेटवर नोंद करायची आणि आतला अधिकारी न्यायला येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. तो अधिकारी कायम जेवायला गेलेला असायचा, मग सकाळ असो की दुपार. तेवढ्या वेळात आत साध्या पाण्याचे नळ सोडले जायचे आणि आमच्या वाट्याला मासे पाळावेत असं पाणी यायचं. मामा मुकाट्याने बाटली भरायचे आणि सही करायचे. अहवाल निर्दोष. माझा जळफळाट व्हायचा. मामांचं म्हणणं एकच, बाटलीत जे आलं त्याचीच सही मी करतो.

धातूंना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यामागे वस्ती आहे, तिथे मामांची थोरली बहीण राहते. आई लवकर गेली, तेव्हा मामांना वाढवलं ते या ताईंनीच. वस्तीत एक हातपंप. दुसरं पाणी थेट मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळाला, ट्रकांच्या मधून वाट काढत आणायचं. हातपंपाचं पाणी पिवळसर झालं होतं. ताईंच्या सुनेचे हात आधी खाजायला लागले, मग त्यांना भेगा पडल्या, आणि तिला दिवस गेलेले. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. कारखान्याच्या परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. ते एकदा झालं की पुढची काही वर्षं त्याला कोणी हात लावू शकणार नव्हतं.

ताईंनीच एकदा सहज सांगितलं, की नाल्याला पिवळं पाणी येतं ते कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. मामा चमकले. कारखान्याला सुट्टी तेव्हा आम्हालाही सुट्टी. टाक्या रिकाम्या करायला याहून बरा मुहूर्त कोणता? दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले ते हलेचनात. मॅडम वाईट नाहीत, पण वरच्यांना भिऊन असतात. शेवटी त्यांनी आदेश काढला, भिंतीबाहेर नाल्याच्या तोंडाशी नमुना घ्या, मात्र कारखान्याच्या माणसासमोर बाटल्यांना सील लावा.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. नाल्याच्या तोंडातून हिरवट पिवळं पाणी धो धो पडत होतं, वासाने घशाला कोरड पडत होती. गेटवर एकटा वॉचमन. त्याने बिचाऱ्याने निमूटपणे येऊन सही केली. मामा नाल्यात उतरले. काम सफाईने चाललं होतं. बाटली बुडवली, विसळली, ओतली, असं तीनदा, आणि मग काठोकाठ भरली. सील लावून बर्फाच्या पेटीत ठेवली. परत येताना त्यांनी जीप वस्तीत घ्यायला लावली आणि पंपावरच्या बायकांना सांगितलं, अहवाल येईपर्यंत या पाण्याचा थेंबही पिऊ नका. मामांचा शब्द म्हणून वस्तीने ऐकलं. कळशा मोठ्या रस्त्यापलीकडे जायला लागल्या. मामा परतीच्या वाटेवर चक्क गुणगुणत होते, आणि आवाज इतका बेसूर, की मी हॉर्न वाजवत राहिलो.

आठवड्याने प्रयोगशाळेतून उत्तर आलं. नमुना बाद.

धातू तपासायच्या बाटल्या वेगळ्या असतात. पाण्यातला धातू बाटलीला चिकटून बसू नये म्हणून त्यात आधीच थोडं आम्ल घातलेलं असतं. त्या विसळायच्या नसतात, थेट भरायच्या असतात. मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. प्रयोगशाळेत अशा बाटल्यांत आम्ल घालायचं कामही त्यांनी केलं होतं. पण एरवी अशी बाटली क्वचितच वाट्याला यायची, आणि त्या दिवशी डोकं पाण्याकडे होतं, हात आपल्या सवयीने चालले होते. आम्ल नाल्यात वाहून गेलं, आणि आम्ल नसलेला नमुना प्रयोगशाळा धरत नाही. मामांनी ते पत्र वाचलं. मी पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा गेलो. नाल्याचं तोंड विटांनी बुजवलेलं, वॉचमन नवा. आता ते पाणी कुठे जिरवतात, देव जाणे. मामा मॅडमना म्हणाले, निदान पंपावर इशाऱ्याचा फलक तरी लावू.

"मामा, बाद नमुना म्हणजे घेतलाच नाही असं धरतात," त्या म्हणाल्या. "मग उरतात ते तुमचे आधीचे अहवाल. फलक कशाच्या जोरावर लावू?"

त्याच अहवालांवर नूतनीकरण झालं. कारखाना हुशार. त्याने अहवालाची मोठी प्रत काढून, प्लास्टिकमध्ये घालून, पंपाशेजारच्या भिंतीवर डकवली. पाणी मर्यादेत, दोष नाही, आणि खाली मामांची सही. ते कळलं तशी मामांनी मला जीप काढायला लावली.

पंपावर रांग लागली होती. मोठ्या रस्त्यापलीकडून पाणी आणून बायकांच्या कमरा मोडल्या होत्या, त्यांना तो कागद देवासारखा पावला होता. मामा एकेकीला सांगत सुटले, हे पिऊ नका, माझं ऐका. एकीने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. दुसरी म्हणाली, साहेब लोकांनी तुमचे कान उपटले वाटतं, रोज नवं सांगता. मामा घामाघूम झाले. शेवटी त्यांनी पंपाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांना ओढून बाजूला करायला हवं होतं, पण मी जीपपाशीच उभा राहिलो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

रांगेत ताई होत्या. त्या पुढे आल्या.

"तू तोंडाने सांगतोस ते खरं, की सही करतोस ते?"

"ताई, दोन्ही मीच..."

ताईंनी कळशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सुनेला नववा लागलाय. तिला रस्त्यापलीकडे पाठवू? की मी जाऊ, या गुडघ्यांनी?"

त्यांनी मामांची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. रागाने नाही, लहान मुलाची सोडवतात तशी. मामा बाजूला झाले. ताईंनी कळशी पंपाखाली लावली आणि दांडा हापसायला लागल्या.