सुमनताईंच्या शेतात आलेली माणसं

मी शहरातल्या लोकांना शेतं दाखवायला शहापूरकडे नेते, हे कळलं की सगळे म्हणतात, "वा, किती शांत काम!" मग मी सापगावच्या सुमनताईंचे किस्से काढते. एक संपत नाही तोवर दुसरा आठवतो.

सुमनताईंचा मोगरा, भेंडी, काकडी आणि थोडं भात. एकदा एक बाई वास घ्यायला मोगऱ्यावर वाकल्या. सुमनताईंनी मागून त्यांचा अंबाडाच धरला! "ताई, मागं या. हळू. फूल मी देते तोडून. खाली घोणस हाय."

*

एका गृहस्थांनी कोवळी भेंडी तोडून कचकन खाल्ली. सुमनताई ओरडल्या, "थुंका! आधी थुंका! कालच फवारलंय!" चुळा भरायला लावल्या, गाडीत घालून शहापूरच्या दवाखान्यात नेलं. दोन तास डॉक्टर त्यांची नाडी बघत होते आणि मी डॉक्टरांचं तोंड. सुदैवाने काही झालं नाही.

बाहेर आल्यावर गृहस्थ भडकले, "तुम्ही तर सेंद्रिय म्हणाला होतात!"

"माझी सेंद्रियच हाय! तुमी बांध ओलांडून शेजाऱ्याची खाल्लीत!"

*

काकडीजवळ मधमाश्यांच्या पेट्या आहेत. एक निवृत्त मॅनेजर भरपूर सेंट मारून आलेले. बघता बघता माश्या त्यांच्या मानेवर, कानावर! ते हात उगारणार, तोच सुमनताई म्हणाल्या, "हलायचं नाय! राष्ट्रगीताला उभे राहता ना, तसं!"

साहेब ताठ. गालावरून घाम ओघळतोय. एकेक करत माश्या उडाल्या.

"गेल्या हो," मी म्हटलं.

ते ओठ न हलवता पुटपुटले, "थांबा, 'जय हे' व्हायचंय!"

*

लावणीच्या दिवसांत एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. ऐंशीच्या घरातले, विसरभोळे झालेले. आम्ही रोपं बघत होतो आणि आजोबा नाहीसे!

जवळच विहीर, काठोकाठ भरलेली. सुमनताई पडलेल्या बादल्या काढायचा गळ घेऊन आल्या, पाण्यात सोडला. मुलगी माझा दंड घट्ट धरून उभी. गळ दोनदा रिकामा वर आला.

तेवढ्यात खालच्या खाचरातून बायांची हाक आली, "अगो सुमन, ह्ये बाबा कोनाचं?"

आजोबा! पँट गुडघ्यापर्यंत वर, बायांच्या रांगेत वाकून भात लावत होते. आम्हाला बघून म्हणाले, "पाणी कमी करा जरा. रोप तरंगतंय."

सुमनताईंनी त्यांची ओळ न्याहाळली. "हात बसलाय यांचा. कुठल्या गावचे?"

मुलगी रडत रडत म्हणाली, "गिरगावचे. बाबांनी आयुष्यात कुंडीत तुळससुद्धा लावलेली नाही!"