भिंतीवरची हनुवटी

दिनकर गेल्याचं मला हुपरीच्या एसटीत एका विद्यार्थ्यानं सांगितलं. "सर, ते चित्रकार... तुमचे दोस्त होते न्हवं?" "होते," मी म्हणालो. आमचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

दिनकर सकाळी पैलवानांची, गुळाच्या व्यापाऱ्यांची तैलचित्रं करायचा आणि दुपारी, हातावरचा रंग टर्पेंटाइननं पुसून, प्रबंध लिहायला बसायचा. चित्रकार म्हणायचे, हा मास्तर झाला. प्राध्यापक म्हणायचे, हा रंगारी इथं कशाला? मी इतिहास शिकवायचो, आणि खरं सांगायचं तर मलाही शंका यायची... ज्याच्या हाताला रिकामी जागा बघवत नाही, त्यानं संशोधन करावं का?

त्याचा विषय मठांमधली भित्तिचित्रं. कागलकडच्या एका मठात आम्ही दोघं आठ दिवस राहिलो. तो चित्रं उतरवून घ्यायचा, मी त्याच कागदांच्या कडेला नोंदी करायचो. तिथं आरशात बघणारी एक बाई होती. माझ्या आठवणीत तिच्या ओठांखालचा गिलावा पडलेला होता. प्रबंधातल्या चित्रात मात्र हनुवटी आली, वर गोंदणही आलं. खात्री करायला गेलो, तर यात्रेआधी गावकऱ्यांनी भिंतीला चुना मारलेला. प्रबंधाला, नकला मुळाबरहुकूम आहेत, असं प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं पत्र जोडायचं होतं. पाहणारा मी एकटाच.

"ही हनुवटी तू घातलीस," मी म्हणालो.

"भिंतीवर हुती की."

"मला आठवत नाही."

"तुला आठवत न्हाय म्हणून ती न्हवती व्हय? झ्याक हाय तुझा इतिहास, मास्तर."

आमच्या घरात माझ्याआधी सगळे अंगठे. सही करणारा मी पहिला. ती खोट्याखाली जाऊ द्यायची नाही, एवढंच मला कळत होतं. मी सही केली नाही. त्यानं दुसऱ्यांदा मागितली नाही. प्रबंध राहिला तो राहिलाच. पुढं लोक त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे, तेव्हा तो हसायचा म्हणे...

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी बोलावून एक गुंडाळी हातात दिली. आरशात बघणाऱ्या त्या बाईचा, मठात उतरवलेला ट्रेसिंग पेपर. हनुवटी पुरी, गोंदणासकट. कडेला माझ्या अक्षरात, 'हनुवटी शाबूत'.

"हे त्यानं मला तेव्हाच का दाखवलं नाही?"

"मीबी तेच म्हणत हुते, भावजी. तर म्हणाले, त्यानं माझ्या शब्दावर सही करायची. कागद बघून न्हाय."

दुसऱ्या कुणाला तिथंच रडू फुटलं असतं. मला आठवलं ते भलतंच. कॉलेजात शिकत असताना दिनकर कुणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा. माझे रजेचे अर्ज माझ्या अक्षरात तोच लिहायचा, आणि कुणाला कधी पत्ता लागला नाही.

गुंडाळी आता माझ्या टेबलावर असते. शिकवून घरी आलो की कोऱ्या कागदावर मी 'हनुवटी शाबूत' लिहितो आणि शेजारी धरून बघतो. अक्षर माझंच वाटतं. काल मात्र 'श'ची गाठ जरा निराळी वाटली... म्हणून परत लिहून बघितलं.